वडाळ्याचे मीठ

आषाढी एकादशीला मुंबईतल्या ज्या माणसाला पंढरीस जाणे जमत नाही, तो वडाळ्याच्या विठोबाला जातो. पहाटेपासून रांग लागते. गिरणगावातली, दादरची, शीव-माटुंग्याची माणसे तुळशीच्या माळा घेऊन तासन् तास उभी राहतात. ही वारी आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु याच वडाळ्यात आणखी एक वारी होऊन गेली. ती १९३० सालच्या मे-जून महिन्यांत झाली. तिची वाट विठ्ठलमंदिराकडे जात नव्हती. ती पोर्ट ट्रस्टच्या रेल्वेचे फाटक ओलांडून खाडीकडच्या मिठागरांत उतरत होती. आजच्या व्याख्यानासाठी आम्ही ही दुसरी वारी घेतली आहे.

शहरातला माणूस पिकवीत नाही, तो विकत घेऊन खातो. मग शेतीचे आणि अन्नाचे धोरण ठरते त्यात त्याने बोलावे का, बोलावे तर कशाच्या बळावर, आणि बोलताना कोणाची आठवण ठेवावी, असे हे तीन प्रश्न आहेत. वडाळ्याच्या मिठाच्या गोष्टीत या तिन्हींची उत्तरे सापडतात असे आम्हांस वाटते. तिसरे उत्तर मात्र फार उशिरा सापडले, हेही आरंभीच सांगून ठेवतो.

प्रथम मीठ कसे होते ते पाहू. समुद्राच्या काठच्या खाजणाला बांध घालतात. उधाणाच्या भरतीचे पाणी त्यात घेऊन कोंडतात. ते उन्हाने आटून दाट झाले की लहान लहान कोंड्यांत सोडतात. त्या कोंड्यांची जमीन मजुरांनी आधी पायांनी तुडवून घट्ट केलेली असते, नाहीतर मिठात चिखल मिसळतो. पावसाळा सरल्यावर सुरू झालेले हे काम पुढच्या मृगाच्या तोंडावर संपते. म्हणजे मे महिन्याच्या अखेरीस मिठागरात मिठाचे ढीग तयार असतात आणि पाऊस पडण्यापूर्वी ते सुरक्षित जागी न्यायची घाई असते. सत्याग्रहींनी वडाळ्यावर याच दिवसांत लक्ष वळविले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

समुद्राचे पाणी फुकट, ऊन फुकट. मजुरी तेवढी मजुराची. तरी मीठ महाग होते, कारण त्यावर कर होता. मुंबई इलाख्यात कंपनी सरकारने १८३७ साली कायदा करून मणामागे आठ आणे कर बसविला. १८४४ साली तो एकदम एक रुपया केला, तेव्हा सुरतेत लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारला तो बारा आण्यांवर आणावा लागला. मिठासाठी शहर उठल्याचा आपल्या इलाख्यातला हा जुना दाखला आहे. मौज अशी की, ज्या इंग्लंडातून हे राज्यकर्ते आले तेथील मिठावरचा कर तेथील पार्लमेंटाने १८२५ सालीच उठविला होता. घरी जे अन्याय्य ठरले ते इकडे महसुलाचे साधन म्हणून चालूच राहिले. पुढे तर हा कर चढत चढत १८८८ साली मणाला अडीच रुपयांपर्यंत गेला.

आकडे मोठे वाटत नाहीत, म्हणून घरगुती हिशेब करून पाहू. १९३० साली कर सव्वा रुपया होता. मणाचे शेर चाळीस. म्हणजे शेरामागे अर्धा आणा नुसत्या कराचा. माणशी वर्षाला पाच-सहा शेर मीठ धरले, तर पाच माणसांच्या कुटुंबाला वर्षाकाठी बारा ते पंधरा आणे हा कर पडे. पेढीवरच्या शेटजींनाही तेवढाच आणि त्यांच्या दारच्या हमालालाही तेवढाच. किंबहुना हमालाला अधिक, कारण जो घाम गाळतो त्याला मीठ अधिक लागते आणि ज्याची भाकरी कोरडी असते तो मिठाशीच ती खातो. व्हाइसरॉय आयर्विन यांना २ मार्च १९३० रोजी लिहिलेल्या पत्रात गांधीजींनी गरिबाच्या बाजूने पाहता हा सर्वांत अन्यायाचा कर आहे असा जो मुद्दा मांडला, त्याचे मर्म हेच होते.

परंतु गांधीजींच्या आधी पन्नास वर्षे या प्रश्नाची तयारी आपल्याकडे चालली होती, आणि ती मुख्यतः आकड्यांनी चालली होती. पुण्याची सार्वजनिक सभा २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झाली. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात सभेने खेड्यापाड्यांतून माहिती गोळा करून ती सरकारपुढे ठेवली. दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी उतरविण्यात आली, तेव्हा मजुरांनी कामावर जाण्याचे नाकारले आणि सभेने त्यांच्या वतीने अर्ज केले. गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या त्या सभेने एक पायंडा पाडला: भुकेविषयी बोलायचे तर मोजमाप घेऊन बोलायचे.

त्याच परंपरेतून गोपाळ कृष्ण गोखले आले. २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. सरकारच्या तिजोरीत शिल्लक पडते आहे ती रयतेच्या भरभराटीमुळे नव्हे, जरुरीपेक्षा जास्त कर घेतल्यामुळे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखविले आणि मिठावरचा कर कमी करण्याची मागणी केली. या भाषणामागे आणखी एक माणूस होता, तो म्हणजे गणेश व्यंकटेश जोशी. सरकारी शाळेतले शिक्षक, पण हिंदुस्थानच्या जमाखर्चाचा त्यांच्याइतका अभ्यास त्या काळी थोड्यांचा असेल. गोखल्यांना आकडे आणि त्यांचा अर्थ ते पुरवीत. भाषण गाजले ते गोखल्यांचे. पण दिव्याखाली बसून कोष्टके जुळविणारा तो शाळामास्तर आम्हांस तितकाच थोर वाटतो. परिणामही दिसला. १९०३ साली कर अडीचाचा दोन रुपये झाला, १९०५ साली दीड रुपया, १९०७ साली एक रुपया. पाच वर्षांत शंभरातले साठ भाग कमी झाले.

मग आकड्यांनी काम भागले असते तर वडाळ्याला जाण्याची गरज काय होती? याचे उत्तर १९२३ साली मिळाले. महायुद्धानंतर सरकारची तोंडमिळवणी होईना. कर १९१६ साली सव्वा रुपया झालाच होता, तो दुप्पट करून अडीच रुपये करण्याची सूचना आली. लोकप्रतिनिधींच्या विधिमंडळाने ती फेटाळली. व्हाइसरॉय रीडिंग यांनी आपल्या खास अधिकारात सहीने ती मंजूर करून टाकली. पुढच्या वर्षी कर पुन्हा सव्वा रुपयावर आला हे खरे, पण धडा मिळायचा तो मिळाला. नावडतीचे मीठ अळणी म्हणतात, तशी सभासदांच्या युक्तिवादाची गत होती. बिनतोड युक्तिवाद मानणे न मानणे ज्याच्या मर्जीवर आहे, त्याच्यापुढे युक्तिवाद ही विनवणी होऊन बसते. तिच्यामागे काहीतरी आणखी उभे राहावे लागते.

ते १९३० साली उभे राहिले. ६ एप्रिल रोजी दांडीला गांधीजींनी मीठ उचलले आणि मुंबईत चौपाटीवर चुली पेटल्या. अवंतिकाबाई गोखले आणि कमलादेवी चट्टोपाध्याय या स्त्रिया तेथे आघाडीवर होत्या. विलेपार्ल्याला छावणी पडली, गिरगावच्या काँग्रेस भवनात समुद्राचे पाणी आटवून मीठ होऊ लागले. मे महिन्याच्या आरंभी गांधीजींना अटक झाली. त्यानंतर कोकणात शिरोड्याला आणि गुजरातेत धारासण्याला आगरांवर सत्याग्रह झाले. मुंबईकरांना त्यासाठी आगगाडीने लांब जाण्याचे कारण नव्हते. त्यांचे आगर त्यांच्या बेटावरच होते.

वडाळ्याच्या मिठागरांवर सत्याग्रहींच्या तुकड्या जाऊ लागल्या. २२ मे रोजी १८८ स्वयंसेवक पकडून वरळीच्या तात्पुरत्या तुरुंगात नेण्यात आले. २५ तारखेला शंभर स्वयंसेवक गेले, तर त्यांच्यामागे दोन हजार माणसे बघायला गेली. लाठीमार झाला, गोळीही झाडण्यात आली. दुसऱ्या दिवशी ६५ जण गेले. ४३ पकडले गेले, बाकीचे गर्दीबरोबर मीठ घेऊन निसटले.

यानंतर सरकारने एक पत्रक काढले, आणि सबंध इतिहासातली आमच्या मते सर्वांत बोलकी गोष्ट ती आहे. सरकारने म्हटले की गडबड होते ती स्वयंसेवकांमुळे होत नाही, ते शांततेने वागतात. गडबड होते ती बघ्यांमुळे, तरी लोकांनी तिकडे फिरकू नये. सरकारला भीती सत्याग्रहींची राहिली नव्हती. शंभर सत्याग्रही आले तर शंभर बेड्या तयार होत्या. भीती होती ती फाटकापाशी उभ्या राहणाऱ्या दोन हजारांची; कारण बघ्या हा कोणत्याही क्षणी बघ्या राहायचे सोडून देऊ शकतो, आणि तो तसे केव्हा करील याचा अंदाज कोणत्याही कचेरीला बांधता येत नाही.

१ जून रोजी, रविवारी सकाळी, नेमके तसेच झाले. स्वयंसेवक आणि इतर मिळून सुमारे पंधरा हजार लोक वडाळ्याला लोटले. तुकड्यांमागून तुकड्या पोर्ट ट्रस्टच्या फाटकापाशी येऊन थबकत होत्या. पुढे पोलिसांचे कडे होते. गर्दी वाढत गेली आणि एका क्षणी ते कडे फुटले. बायका, मुले, माणसे चिखल तुडवीत कोंड्यांवर धावली. सुमारे दीडशे सत्याग्रहींना मार लागला. दोन दिवसांनी, ३ जूनला, वरळीच्या छावणीत कैद्यांची आणि पोलिसांची चकमक होऊन कित्येक जण जबर जखमी झाले आणि लष्कर बोलवावे लागले.

त्या पंधरा हजारांनी किती मीठ आणले? हिशेब केला तर अगदी थोडे. बाजारभावाने त्याची किंमत पोलिसांच्या एका दिवसाच्या खर्चाइतकीही नसेल. मग त्यांनी काय केले? गोखल्यांच्या आकड्यांना त्यांनी पाय दिले. 'रयतेला हा कर सोसत नाही' हे विधान आता कलकत्त्याच्या सभागृहात एकटे उभे नव्हते. ते गुडघाभर चिखलात पंधरा हजार तोंडांनी उभे होते. तोवर मिठाची गुळणी धरून बसलेले शहर बोलू लागले, ते मिठावरूनच.

फळ लगेच आले नाही. ५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात एवढेच मिळाले की, ज्या गावांत मीठ होते वा गोळा करता येते तेथील रहिवाशांनी घरच्या वापरासाठी आणि गावातल्या गावात विक्रीसाठी ते घ्यावे. कर तसाच राहिला. तो उठला १९४७ साली, हंगामी सरकारचे अर्थमंत्री लियाकत अली खान यांच्या अंदाजपत्रकाने. म्हणजे मागणीच्या पहिल्या पिढीतला बहुधा कोणीही तो दिवस पाहायला उरला नव्हता.

इथवरची कथा आनंदाने सांगण्यासारखी आहे. परंतु तिच्यात एक उणीव आहे, आणि ती सांगितल्यावाचून पुढे जाणे हे खाल्ल्या मिठाला न जागण्यासारखे होईल. गोखल्यांपासून वडाळ्यापर्यंत सारा वाद मीठ खाणाऱ्याचा होता. मीठ पिकविणाऱ्याचा त्यात फारसा उल्लेख नाही. उन्हात अनवाणी पायांनी कोंड्या तुडविणाऱ्या आगरी मजुराच्या पायांना मिठाने जखमा होतात. त्याची मजुरी काय, कर उठल्यावर त्याच्या पदरात काय पडले, हे प्रश्न शहराला सुचले नाहीत. ते त्याचे त्यालाच विचारावे लागले.

आणि त्याने विचारले. मुंबईच्या समोर, खाडीपलीकडच्या अलिबाग तालुक्यात आगरी कुळे खाजणात भात काढीत आणि पिकातला अर्धा वाटा खोत-सावकारांना घालीत. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने त्यांनी ठरविले की या अटींवर जमीन कसायची नाही. पंचवीस गावांनी शेते ओसाड ठेवली. एक वर्ष नव्हे, दोन नव्हे, १९३९ पर्यंत. पिकविणाऱ्याने पीकच न काढणे म्हणजे स्वतःच्या पोटावर पाय देणे. लाकडे विकून, मिळेल ती मजुरी करून त्यांनी ते सोसले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मोर्चाने मुंबईत विधिमंडळावर आले. कोकणातला शेतकरी आपल्या अन्नाच्या प्रश्नासाठी शहराच्या रस्त्यावर चालत आला. खोती कायद्याने गेली ती मात्र स्वराज्य आल्यानंतर, १९४९ च्या कायद्याने.

आता एक मोठी उडी घेऊन १९७२ सालाकडे येऊ. इंग्रज गेले होते, मिठावरचा कर गेला होता. पण पाऊसही गेला होता. महाराष्ट्रातल्या त्या दुष्काळाच्या आठवणी आजही घरोघर निघतात: शिधावाटपाच्या दुकानातला परदेशी लाल मिलो, कामावर मिळणारी सुकडी, खडी फोडणाऱ्या बायकांची रांग. मुंबईत तेल, साखर, रॉकेल, धान्य मिळेना आणि मिळाले तर परवडेना. तेव्हा महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी अशा निरनिराळ्या पक्षांच्या बायका तिच्यात एकत्र आल्या. हजारो गृहिणी हातात लाटणी घेऊन, थाळ्या वाजवीत मोर्चाने गेल्या. चाळीतली जी बाई कधी सभेला गेली नव्हती ती लाटणे घेऊन मंत्र्याच्या दारात उभी राहिली. १ जून १९३० चा तो बघ्या येथे पुन्हा आपल्याला भेटतो. फरक इतकाच की आता त्याच्या अंगावर नऊवारी किंवा गोल पातळ आहे.

परंतु जुनी उणीवही पुन्हा भेटते. शहर म्हणे, धान्य स्वस्त द्या. खेडे म्हणे, पिकाला भाव द्या. १९७८ ते ८० च्या सुमारास चाकणच्या परिसरात शरद जोशींच्या नेतृत्वाखाली कांद्यासाठी शेतकरी रस्त्यावर आले, तेव्हा त्यांचे म्हणणे हेच होते की शहराची स्वस्ताई आमच्या तोट्यातून निघते. गृहिणीचे लाटणे खोटे नव्हते आणि शेतकऱ्याचा कांदाही खोटा नव्हता. एकाच ताटाच्या दोन कडांवरून दोघे बोलत होते. अशा वेळी सरकारला दोघांपैकी एकाला गप्प बसविणे सोपे जाते, आणि ज्याचा आवाज मंत्रालयापासून दूर त्याची पाळी सहसा आधी येते.

या दोन कडांना जोडणारी एक गोष्ट महाराष्ट्राने त्याच दुष्काळात केली. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला वि. स. पागे यांनी १९६५ पासून एक प्रयोग चालविला होता: जो काम मागेल त्याला काम. दुष्काळात सरकारी कामांवरच्या मजुरांची संख्या मे १९७३ मध्ये पन्नास लाखांच्या घरात गेली, तेव्हा त्या कल्पनेचे महत्त्व सर्वांस पटले. रोजगार हमी योजना १९७२ साली सुरू झाली. तिचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. देशासाठी तसा कायदा संसदेने २००५ साली केला. १८७७ साली सार्वजनिक सभेने दुष्काळी मजुराच्या मजुरीसाठी अर्ज केला होता, त्या अर्जाला शंभर वर्षांनी मिळालेले हे उत्तर होते.

पण या योजनेला पैसा कोठून आला? श्रोतेहो, याचे उत्तर आपल्या खिशात आहे. १९७५ साली महाराष्ट्राने व्यवसाय कर बसविला. नोकरदार, वकील, डॉक्टर, दुकानदार यांनी तो भरायचा आणि तो रोजगार हमीच्या निधीत जायचा. आपल्यापैकी कित्येकांच्या पगारपत्रकात ही लहानशी रक्कम दर महिन्याला कापलेली दिसते. आपण तिच्याकडे पाहतो, कपाळाला आठी घालतो आणि पान उलटतो. ती कोणत्या भुकेच्या पोटी जन्मली हे आपल्याला कोणी सांगितलेले नसते.

आम्हांस येथे मिठाचा कर आठवतो. तोही थेंबाथेंबाने वसूल होई, तोही कोणाच्या फारसा लक्षात येत नसे. परंतु एक कर गरिबाच्या भाकरीवरून श्रीमंताच्या राज्याकडे जात होता, आणि दुसरा शहरातल्या पगारावरून खडी फोडणाऱ्या बाईच्या भाकरीकडे जाण्यासाठी बसविला गेला. पहिला उठविण्यासाठी शहराला पन्नास-साठ वर्षे बोलावे लागले आणि चिखलात उतरावे लागले. दुसरा शहराने फारसा न बोलता दिला. आमचे म्हणणे एवढेच की तो जाणूनबुजून द्यावा, आणि तो ठरल्या जागी पोचतो की नाही हे गोखल्यांच्या आणि जोशीमास्तरांच्या चिकाटीने विचारीत राहावे. अन्नाच्या धोरणात बोलण्याचा शहराचा हक्क तो खाणारा आहे म्हणून आहेच. पण पिकविणाऱ्याच्या वाट्याचे ओझे काही अंशी आपल्या खांद्यावर घेतो तेव्हा त्या बोलण्याला खरे वजन येते.

थोड्या दिवसांपूर्वी आम्ही वडाळा स्थानकावर उतरून खाडीच्या दिशेने चाललो होतो. मालमोटारींचे तळ, गोदामे, डोक्यावरून जाणारे उंच रस्ते, नव्या इमारतींच्या रांगा. १९३० चे ते फाटक कोठे असेल याचा माग लागणे कठीण. एका टपरीवर आम्ही चहा घेतला. शेजारी एक मजूर मीठ-मिरचीशी भाकरी खात होता. त्याला आम्ही काही विचारले नाही. त्याने पुडीतले मीठ चिमटीने उचलून भाकरीवर भुरभुरले आणि पुडी नीट दुमडून खिशात ठेवली. त्या चिमटीभर मिठावर आज कोणाचा अर्धा आणा बसलेला नाही. त्यासाठी एका शाळामास्तराने रात्री जागविल्या आणि पंधरा हजार बघे एका रविवारी सकाळी बघे राहिले नाहीत.

आपण येथे ऐकायला आला आहात, म्हणजे एका अर्थी आपणही बघेच आहोत. बघे असण्यात कमीपणा नाही. फाटकापाशी उभे कोठे राहायचे आणि ते ओलांडायचे केव्हा, एवढे मात्र ज्याचे त्याने ठरवायचे असते.